जपानचा पेपर आणि मालकांची झूल

सोनपेठच्या बाजारात रंगीत दोऱ्यांचे गोंडे टांगलेले दिसले, की मला जपान आठवतो. हसायचं तर हसा. पोळ्याच्या बाजारात कुणाला पुरणाची डाळ आठवत असेल, कुणाला माहेर. मला एक जपानी सरदार आठवतो. पालखीत मांडी घालून बसलेला, चेहरा इस्त्री केल्यासारखा, आणि जन्मात कधी स्वतःच्या पायात स्वतःच्या हातानं चप्पल न घातलेला.

श्रावणाचे शेवटचे दिवस असतात. मूग तोडून झालेला असतो, सोयाबीन शेंगांत भरायला लागलेलं असतं. रानात पाऊल टाकलं की काळी माती चप्पल ओढून घेते आणि माणसाला दोन किलोनं जड करून सोडते. आभाळ दुपारी भरून येतं, थोडं शिंपडतं आणि बोरीकडं निघून जातं. बाजारात हिंगूळ, बेगड, घुंगरमाळा, मथाट्या. दुकानदार हातात कासरा ताणून दाखवतो आणि विचारतो, "मॅडम, बैल हाय का तुमच्याकडं?" मी म्हणते, "हाय की. तुमच्या दुकानात मावणार न्हाई असला हाय."

मी इथल्या ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी जरा जास्तच वेळा सांगते, असं स्टाफरूममध्ये बोललं जातं. बोलू देत. ज्यांच्या पणजोबांची सही कागदावर होती, त्यांना पहिलं असण्यात काय आहे ते कळायचं नाही. आमचा आजा मालकाकडं सालगडी होता. वर्षाच्या बोलीवर राबायचं, उरलंसुरलं खायचं आणि मालक समोरून आला की चप्पल काढून हातात घ्यायची. पुढं आज्यानं धम्म घेतला. घरातले देव एका दिवशी नदीला नेऊन सोडले. देव सुटले, मालक काही सुटला नाही.

मालक म्हणजे जहागीरदार. निजामाच्या काळात आमच्या गावासकट आजूबाजूची गावं ह्यांच्या पूर्वजांना बहाल झालेली. कुणी बहाल केली, का केली, आमच्या गावाला विचारलं होतं का, असले प्रश्न त्या काळी विचारायची पद्धत नव्हती. मग निजाम गेला, त्याच्या मागं जहागिऱ्या गेल्या. आत्ताचे मालक हे शेवटच्या जहागीरदाराचे नातू. परभणीत बंगला, पुण्याला मुलगा, दारात पांढरी गाडी. गावातली जमीन निम्मी विकली, निम्मी बटईनं दिली. गावात त्यांचं राहिलं काय? म्हटलं तर काही नाही. म्हटलं तर एकच गोष्ट, आणि ती मात्र त्यांनी जिवापाड धरून ठेवली होती: पोळ्याचा पहिला मान.

ज्यांनी आमच्याकडचा पोळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. गावभराचे बैल सजवून त्याच्या अलीकडं उभे करतात. मानाचा बैल तोरणाखालून गेला की पोळा फुटला. मग बाकीच्यांनी जायचं. आणि बाकीच्यांतही रांग असते. पाटलाचे, मग मोठ्या घरांचे, मग लहान घरांचे, आणि सगळ्यांच्या मागं आमच्या वस्तीचे. ह्या रांगेला कुणी 'जात' म्हणत नाही. 'दस्तूर' म्हणतात. शब्द उर्दू वापरला की कुणाला काही टोचत नाही.

पहिला मान मालकांच्या बैलाचा. आता गंमत बघा. मालकांकडं बैल नव्हता. ट्रॅक्टर आला तसे गोठे रिकामे झाले. बैल नाही पण मान आहे, तर करायचं काय? त्यांनी तोडगा काढला. गावात चांगली जोडी कुणाची? किसनची. किसन म्हणजे माझे वडील, आमचे आबा. लाल कंधारी जोडी, त्यातला गुलब्या तर असा, की उन्हात उभा राहिला तर तांब्याचा हंडा घासून ठेवल्यासारखा दिसायचा. तर पोळ्याच्या दिवशी मालकांची मखमली झूल यायची, गुलब्याच्या पाठीवर पडायची आणि गुलब्या मालकांचा व्हायचा. गावाला ठाऊक, मालकांना ठाऊक, गुलब्यालाही ठाऊक असेल. पण झूल पडली की बैलाची जात बदलत होती. एरवी सगळ्यांच्या मागं उभा राहणारा बैल सगळ्यांच्या पुढं जायचा. तोरण पार झालं, मारुतीला फेरी झाली की झूल काढून घ्यायचे. घरी येताना गुलब्या परत आमच्या जातीचा.

मी एम. ए. च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. विद्यापीठानं परीक्षेचं वेळापत्रक इतक्यांदा मागं-पुढं केलं, की शेवटी 'आधुनिक जपान'चा पेपर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन बसला. ओसरीवर मी पुस्तकं पसरून बसायचे. येणारा-जाणारा डोकावायचा. मालकांची झूल सांभाळणारे माणिककाका, म्हणजे मालकांच्या गावातल्या उरल्यासुरल्या कारभाराचे एकमेव कारभारी, हातातली काठी पुस्तकाला लावून म्हणाले होते,

"कोनचं वाचायलीस गं?"

"जपानचं, काका."

"जपानचं कामून? तिकडं सोयरीक जमवायलाय का किसन?"

"तिकडं बी मालक व्हते काका. त्यांचं काय झालं ते वाचायले."

"काय झालं?"

"गेले."

माणिककाका हसले. "आमचे न्हाई जात," म्हणाले. मालक परभणीला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

बाजारातल्या गाइडमध्ये ह्या विषयावर मोजून चार ओळी होत्या. 'सरंजामशाहीचा अंत: डायमियोंनी स्वेच्छेने आपले प्रांत सम्राटास परत केले. त्यांच्या त्यागामुळे आधुनिक जपानची उभारणी झाली.' त्याग! गाइड लिहिणाऱ्यांना शब्दांचे दाम द्यावे लागत नाहीत, हे त्यांचं बरं आहे. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं आणि शब्दकोश मांडीवर घेऊन ते वाचलं. एकेका पानाला एकेक संध्याकाळ गेली. पण त्यागाची गोष्ट उलगडत गेली.

डायमियो म्हणजे तिकडचा जहागीरदार. आपला प्रांत, आपला किल्ला, आपले तलवारबंद चाकर. त्याची पालखी निघाली की पुढं हाकारे चालायचे आणि ओरडायचे, खाली बसा, खाली बसा. रानातली माणसं जिथं असतील तिथं गुडघे टेकायची. चिखल असेल तर चिखलात. हे पान मी वाचलं तेव्हा मला आमच्या पारावरचे लोक दिसले. मालकांच्या गाडीचा हॉर्न झरीच्या फाट्याकडून ऐकू आला की पारावरचे उठून उभे राहायचे. आबा सायकलवर असतील तर उतरून, सायकल हातात धरून, रस्त्याच्या कडेला. गाडीची काच वरच. आत एसी. मालकांना कोण उतरलं, कोण नाही, काही दिसत नव्हतं. लोक काचेला मुजरा करत होते.

मग जपानात राजवट बदलली. वारं ओळखणारे चार मोठे डायमियो पुढं झाले आणि सम्राटाला म्हणाले, ही जमीन, ही प्रजा तुमचीच. आम्ही परत करतो. बाकीचे हळूहळू त्यांच्या मागं. माझा जो सरदार आहे, पालखीतला, तो ह्या मागच्यांतला. त्यानं काय केलं? जे त्याचं नव्हतंच, ते देऊन टाकलं. आणि दिल्याबद्दल शाबासकी घेतली. कालपर्यंत तो प्रांताचा धनी होता, आज त्याच प्रांताचा सुभेदार म्हणून नेमला गेला. खुर्ची तीच, किल्ला तोच, फक्त दारावरची पाटी नवी. दोनेक वर्षांनी सम्राटानं सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, आता प्रांतच मोडले. तुम्ही आपापली बिऱ्हाडं घेऊन राजधानीत राहायला या. प्रांताच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा घरबसल्या मिळत राहील. डोक्यावरची देणी नवी राजवट बघेल. माझा सरदार मान खाली घालून ऐकत होता. लोकांना वाटलं, दुःखानं. मला वाटतं, हिशेब जमला होता.

एम. ए. ला जपान शिकवणारे आमचे सर फार हळवे. ते वर्गात म्हणाले होते, "ह्या माणसांकडे सहानुभूतीनेही पाहायला हवे. पिढ्यान्‌पिढ्यांचे जग त्यांच्या डोळ्यांदेखत मावळले. ती एक शोकांतिका होती." मी हात वर केला. म्हटलं, "सर, ज्याला पेन्शन मिळाली त्याची शोकांतिका, आणि त्याच्या चाकरांना पुढं कागदी छत्र्या बनवून पोट भरावं लागलं, ते काय?" सर म्हणाले, "तोही एक मुद्दा आहे." शिकलेली माणसं अशीच. ज्याच्या घराण्यात कुणाला कधी खाली बसवलेलं नसतं, त्याला पालखीतल्याचं दुःख लवकर कळतं.

मी प्रयत्न केला होता हं. त्या सरदाराची कीव यावी म्हणून ओसरीवर डोळे मिटून बसले. राजधानीतलं नवं घर, खिडकीत तो, डोक्यावरचा सरदारकीचा बुचडा कापलेला, मान उघडी पडलेली. बाहेर कुणी 'खाली बसा' म्हणून ओरडत नाही. रस्त्यानं एक भाजीवाला जातो आणि खिडकीकडं बघतसुद्धा नाही. इथं मला थोडंसं वाईट वाटेल असं वाटलं होतं. पण मला भाजीवालाच आवडला. मी बराच वेळ त्याच्याच मागं चालत गेले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी. आबांनी सकाळीच जोडी कालव्यावर नेऊन धुतली होती. दिवेलागणीला कोमट पाणी, हळद, लोणी घेऊन बसले. वर्षभर जू ओढून बैलाच्या खांद्यावर घट्टा पडतो, दगडासारखा. त्यावर आबा तळहातानं लोणी चोळत होते. गुलब्या डोळे अर्धे मिटून उभा. मायनं आरती ओवाळली आणि दरवर्षीसारखं बैलाच्या कानाशी म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." आमचं घर देव मानत नाही. पण पोळा आबांनी सोडला नाही. म्हणायचे, "पोळा देवाचा न्हाई, बैलाचा हाय. त्यानं काय पाप केलंय?"

मी पुस्तक मिटून गोठ्याशी जाऊन बसले.

"आबा, उद्या झूल घालू देऊ नका."

"अभ्यास झाला का?"

"झाला. झूल घालू देऊ नका. गुलब्या आपला हाय. जायचं तर आपल्या नावानं जाईल, न्हाई तर न्हाई."

"खांद्याला हात लाव बरं. बघ कसा मऊ पडायलाय." आबा माझ्याकडं बघेनात. "उद्या ह्या खांद्यावर काईच ठिवायचं नसतं. जू न्हाई, दोर न्हाई, मानसानं हात बी टेकायचा न्हाई. वरसात येक दिवस त्याचा."

"आन् झूल?"

"झूल पाठीवर अस्ती."

"खांद्यावरून लोंबती ती. म्या बघितलीय."

 आबांनी लोण्याचा हात धोतराला पुसला. माय चुलीकडून म्हणाली, "उत्तर द्या की आता. लेक इचारायलीय." आबा उठले आणि कडबा टाकायला गेले. आमच्या घरात पुरुषांना उत्तर आलं नाही की जनावरांना भूक लागते.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव वेशीत. बारीक पाऊस. शिंगांचे रंग ओघळायला लागलेले, बेगड चिकटलेली. माणिककाका ट्रंकेतली झूल घेऊन आले, गुलब्याच्या पाठीवर टाकली. गुलब्यानं कातडी थरथरवली, जशी माशी बसल्यावर थरथरवतो. आबांनी कासरा धरलेला, नवा पटका, कपाळावर पावसाचं पाणी. सगळे झरीच्या रस्त्याकडं बघत उभे. गाडी येईना. मग माणिककाकांचा फोन वाजला. मालक पुण्याला मुलाकडं होते. येणं जमणार नव्हतं. पण दस्तूर मोडायचा नव्हता. म्हणाले, मोबाइलवर दाखवा. मी तिथून हुकूम देतो, मग बैल सोडा.

तर सांगायची गोष्ट अशी, की माणिककाकांनी डाव्या हातात छत्री धरली, उजव्या हातात फोन उंच केला आणि आख्खं गाव, त्याच्या दोन-तीनशे बैलांसकट, वीतभर काचेपुढं उभं राहिलं. काचेत मालक दिसले. अंगात बनियन.

"किसन्या, दिसायलंय का रे?"

माझे वडील त्यांच्यापेक्षा वयानं थोरले. "दिसायलंय मालक," आबा म्हणाले, फोनला हात जोडून.

आणि तेवढ्यात मालक थांबले. तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला, जांभई देताना फोटो काढावा तसे. आमच्याकडं रेंजचं असंच. माणिककाकांनी फोन हलवला, वर केला, मारुतीच्या पायरीवर चढले. मालक तसेच.

"काय झालं हो?" मागून कुणीतरी.

"मालक अडकले."

"मग सोडा की बैल!"

"आसं कसं? हुकूम न्हाई आला अजून."

पाऊस वाढला. मखमल भिजून जड झाली, तिचा रंग गुलब्याच्या पायावरून ओघळायला लागला. बैल पाय बदलायला लागला. लेकरं भुकेली, घराघरात पुरण वाटून ठेवलेलं, बैलाचा नैवेद्य झाल्याशिवाय कुणी ताटावर बसणार नाही. आणि एक माणूस पुढं होईना. पाटील होईना, सरपंच होईना. शेतीच्या बांधावरून एकमेकांची डोकी फोडणारी माणसं, मालकाच्या अर्ध्या उघड्या तोंडाकडं बघत भिजत उभी. बायांच्या घोळक्यातून माय मोठ्यांदा म्हणाली, "मालक अडकले का गाव अडकलं?" दोन बाया हसल्या आणि पदर तोंडाला लावून गप्प झाल्या.

त्या जाड पुस्तकात एक पान होतं, ते मला तिथं आठवलं. एका प्रांतात डायमियो राजधानीला जायला निघाला, तेव्हा तिथले शेतकरीच आडवे आले. पालखीचा रस्ता अडवला, जाऊ नका म्हणून रडले, पुढं दंगा केला. ज्याच्यापुढं चिखलात गुडघे टेकले, त्यालाच! पुस्तकात कारणं दिली होती. नव्या राजवटीची भीती, अफवा, उद्या कोण येईल ठाऊक नाही. कारणं मला कळतात. कळून काय करू? इतिहासातल्या सगळ्या मालकांपेक्षा मला ह्या रडणाऱ्यांची जास्त चीड आली होती. आणि ते सगळे माझ्यासमोर, नवे पटके बांधून, बैलांचे कासरे धरून उभे होते. त्यांच्यात सगळ्यांत पुढं माझे आबा.

शेवटी काच हलली. मालक जिवंत झाले. नेमकं त्याच क्षणी गुलब्यानं शेपटी वर केली आणि फोनच्या समोर, भरपूर, शेण टाकलं. माणिककाका दचकून मागं सरले. पुण्याहून मालक म्हणाले, "शुभ हाय, शुभ हाय! सोडा!"

पोळा फुटला.

घरी आल्यावर गुलब्याला पुरणपोळी चारताना आबांचा चेहरा उजळलेला होता. तो उजेडच मला बघवेना.

"आपला बैल म्होरं गेला," आबा मायला सांगत होते.

"मालकाचा गेला," मी म्हटलं.

"आगं, पाय तर आपल्याच बैलाचे व्हते ना?"

"इतिहासात पाय लिहीत न्हाईत आबा. झूल लिहितात."

आबांनी हातातली पोळी गुलब्याच्या तोंडात दिली आणि दुसरी घेतली.  मी पहाटेच्या एसटीनं परभणीला जाऊन पेपर दिला. 'डायमियोंच्या त्यागाचे मूल्यमापन करा' असा प्रश्न होता. मी केलं. मूल्य काही निघालं नाही, तेही लिहिलं. कॉलेजात पहिली आले. गाइड पाठ केलेले माझ्या मागं होते, हे इथं लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

पुढं गुलब्या गेला. आबांनी त्याला रानात लिंबाखाली पुरलं. आता त्याच्याच कुळीची जोडी आहे, तसलीच तांबडी. मी नोकरीला लागले. मालकांची झूल मात्र दर पोळ्याला ट्रंकेतून निघत राहिली. ह्या विषयावर मी आणि आबा पुन्हा बोललो नाही. पोळ्याला मी गावी जाणंच सोडलं होतं.

ह्या वर्षी माणिककाकांच्या नातवानं मला मोबाइलवर एक फोटो पाठवला. वेशीत लावलेलं फ्लेक्स. 'परंपरेचा मान, कष्टकऱ्याच्या हाती! दिलदार मनाच्या मालकांचा ऐतिहासिक त्याग.' मालकांचा फोटो तोरणाएवढा, हात जोडलेले. खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे, आमचे आबा. नातवानं सोबत लिहिलं होतं, ह्या पोळ्यापासून पहिला मान मालक आबांना देणार, शाल घालून. मालक जिल्हा परिषदेला उभे राहणार आहेत, आणि आमच्या वस्तीची मतं एकगठ्ठा पडतात, हे काही फ्लेक्सवर लिहिलं नव्हतं. पण 'त्याग' हा शब्द होता. बघा, सम्राटाच्या दरबारातून निघालेला शब्द फिरत फिरत आमच्या वेशीत येऊन खिळ्याला लटकला. जे आपलं नव्हतंच ते द्यायचं आणि देताना फोटो काढायचा. त्या सरदाराच्या काळी फ्लेक्स नव्हतं, एवढाच काय तो फरक.

मी आबांना फोन लावला.

"आबा, फ्लेक्स बघितलं का?"

"बघितलं. मपला फोटू बरा आलाय."

"ते तुमाला शाल घालणार हायेत. मालक. माइकवर बोलून, समद्यांपुढं. मग बैल म्होरं न्यायचा."

"व्हय, माणिक सांगत व्हता."

"शाल घेऊ नका. ती बी झूलच हाय आबा. बैलावरची तुमच्यावर आली, एवढंच. उद्या तुमचे पाय म्होरं जातील आन् नाव त्यांचंच ऱ्हाईल."

पलीकडं बैलाच्या घंटेचा आवाज. आबा म्हणाले, "बघू."

"बघू म्हंजे?"

"बघू म्हंजे बघू. तू येनार हायस का?"

गेले. कितीतरी वर्षांनी पोळ्याला गावी गेले. एसटीतून उतरले ती तडक वेशीकडं निघाले. आबांनी शाल घेतली असती तर मी त्यांना काही बोलले नसते. पण पुढच्या तासाला वर्गात उभं राहून गाइडमधला 'स्वेच्छेने' हा शब्द मला उच्चारता आला नसता.

पाऊस नव्हता. तोरण ताजं होतं. आबा वेशीत उभे, डाव्या हातात कासरा, गुडघे दुखतात म्हणून जरासे वाकलेले. बैलाची पाठ उघडी, उन्हात तांबडी चमकत होती. मालक ह्या वेळी स्वतः आले होते, पांढऱ्या कपड्यांत. माइक घेतला. पूर्वजांबद्दल बोलले, गावाच्या प्रेमाबद्दल बोलले, बैल आणि शेतकरी ह्यांच्या नात्याबद्दल तर फारच बोलले. मग म्हणाले, "आणि म्हणून आजपासून हा पहिला मान मी स्वखुशीने आपल्या किसनरावांच्या हाती सोपवतो."

किसनराव! आबांच्या उभ्या आयुष्यात त्या घराण्यातून 'राव' पहिल्यांदा आला. टाळ्या पडल्या. आबांचे डोळे हलले, ते मला दिसलं. मायनं माझं मनगट धरलं. मालकांनी शाल उलगडली, दोन्ही हातांत ताणून धरली आणि फोटो काढणाऱ्याकडं तोंड करून पुढं झाले.

आबा एक पाऊल मागं सरले. तिथल्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसं, अगदी साधेपणानं म्हणाले,

"आज खांद्यावर काई ठिवायचं नसतं, मालक. पोळा हाय."

आणि बैलाला जीभ वाजवली. बैल निघाला. आबा त्याच्या खांद्याला हात न लावता, बाजूनं, त्याच्या चालीनं चालत गेले. तोरणाचं एक पान शिंगाला अडकून तुटलं आणि त्यांच्याबरोबरच पलीकडं गेलं.

मालक शाल ताणून तसेच उभे होते. फोटोवाल्याला कळेना काढावा की नाही. शेवटी माणिककाका पुढं झाले, मालकांच्या हातातून शाल घेतली आणि चारी कोपरे जुळवून तिची घडी घालायला लागले. त्यांना सवय आहे.